ब्रॅक्टिएट: मध्ययुगीन जर्मनीची एकाच बाजूची चांदीची नाणी

देवगिरीकर

नमस्कार मंडळी. इथल्या शिवराईवरच्या धाग्यात मी या नाण्यांचा ओझरता उल्लेख केला होता. दोघातिघांनी स्वतंत्र धागा काढायला सांगितलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाराव्या शतकातला जर्मन ब्रॅक्टिएट पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो नाणं वाटतच नाही. मोठ्यांचा व्यास चार सेंटिमीटरच्या घरात, म्हणजे आपल्या वीस रुपयांच्या नाण्याहून कितीतरी मोठा. वजन मात्र एक ग्रॅमही भरत नाही, बहुतेकांचं ०.७ ते ०.९ ग्रॅम. चांदीचा पत्रा कागदासारखा पातळ. ठसा एकाच बाजूने मारलेला, त्यामुळे पुढे उठाव आणि मागे तेच चित्र उलटं, खोलगट. ब्रॅक्टिएट हे नाव पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी दिलं. वापरणाऱ्यांसाठी तो साधा फेनिग होता, बाजारात मीठ आणि पाव घ्यायचा.

आणि एवढ्याशा पत्र्यावर काय काय कोरलेलं असतं! कमानीखाली आसनावर बसलेला बिशप, एका हातात धर्मदंड, दुसऱ्यात ग्रंथ. दोन्ही बाजूंना बुरूज, बुरुजांना खिडक्या, वर उतरतं छप्पर. झग्याच्या चुण्या मोजता येतात. ब्राउनश्वाइगच्या नाण्यांवर तिथला ड्यूक हेन्री द लायन याचा सिंह शेपूट उंचावून चालतो. हाल्बरश्टाटच्या नाण्यांवर संत स्टीफन दगडांचा मार खातो. माग्डेबुर्गच्या नाण्यांवर संत मॉरित्स ढाल आणि निशाण घेऊन उभा असतो. युरोपात त्या काळी इतर ठिकाणी जी नाणी पाडली जात होती त्यांच्याशेजारी ही ठेवली तर फरक लगेच कळतो. इतर नाण्यांवर क्रूस, एखादा चेहरा, चार अक्षरं. इथे एक पूर्ण शिल्प.

हे कशामुळे घडलं, त्यासाठी हा धागा. माझं म्हणणं असं की ही नाणी इतकी देखणी झाली ती करवसुलीमुळे. थोडं मागे जाऊन सांगतो.

७९३-९४ च्या सुमारास फ्रँक राजा शार्लमेनने चलनाची घडी बसवली. एक पाऊंड चांदीतून २४० फेनिग, १२ फेनिगचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पाऊंड. शिलिंग आणि पाऊंड हिशेबापुरते. प्रत्यक्ष हातात खुळखुळणारं नाणं म्हणजे फेनिग, वजन साधारण १.७ ग्रॅम. जर्मन मुलखात पुढची चारेकशे वर्षं हेच चाललं. पण टाकसाळीचा हक्क राजाकडून हळूहळू बिशप, मठ आणि सरदारांकडे गेला. १२२० मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने चर्चच्या सत्ताधीशांना लेखी वचनच दिलं की तुमच्या मुलखात तुमच्या संमतीशिवाय मी नवी टाकसाळ काढणार नाही. तोवर टाकसाळी शेकड्यांनी झाल्या होत्या. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा, आणि नाणं चालायचं ते ज्या मुलखात पाडलं तिथेच.

हक्क हातात आला की त्यातून उत्पन्न काढायचं. त्याची रीत अशी: ठरलेल्या दिवशी, बहुधा मोठ्या जत्रेच्या किंवा सणाच्या सुमारास, जुनी नाणी रद्द झाल्याची दवंडी. बाजारात व्यवहार करायचा तर टाकसाळीच्या मेजावर जाऊन जुनी द्यायची आणि नवी घ्यायची. १२ जुन्यांना ९ नवी हा दर पुष्कळ ठिकाणी होता. म्हणजे चौथा हिस्सा धन्याच्या पेटीत. आर्चबिशप विखमान (११५२ ते ११९२) याच्या काळात माग्डेबुर्गमध्ये ही नाणेबदली वर्षातून दोनदा होत असे.

आता विचार करा. बाजारात येणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नाही. जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे नुसत्या नजरेला कळायला हवं. म्हणून दर वेळी चित्र बदलायचं. वर्षाला दोन नवे ठसे लागले तर कोरणाराही तयार होतो. त्याचा हात चालता राहतो, शेजारच्या टाकसाळीपेक्षा सरस करण्याची ईर्षा येते. एकाच बाजूचं नाणं असल्यामुळे दोनाऐवजी एकच ठसा कोरला की भागतं, शिवाय पत्रा पसरट, म्हणजे जागाही भरपूर. सहा महिने टिकायचं नाणं पातळ असलं तरी कोणाचं बिघडत नाही. या सगळ्यातून, साधारण ११३० नंतर, हार्झ पर्वताभोवतीच्या सॅक्सनी-थुरिंगिया पट्ट्यात ही कला उभी राहिली आणि पुढची पाऊणशे वर्षं तिचा सुवर्णकाळ ठरली.

मी लाइपझिगला राहतो. हाले शहरातल्या मोरित्सबुर्गचा नाणेसंग्रह जवळ आहे, बर्लिनचं बोडे संग्रहालयही एका दिवसात बघून परत येता येतं. ज्यांना इकडे येणं होईल त्यांनी ही दोन ठिकाणं चुकवू नयेत. प्रश्न विचारा, जमेल तेवढं लिहितो.

शेवंती

काय सुंदर लिहिलंय! करवसुलीतून कला, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. सगळे बिशप आणि सरदारच का हो? बायका नाहीत का कुठे?

देवगिरीकर

शेवंतीताई, आहेत, आणि फार रुबाबात आहेत. क्वेडलिनबुर्गचा मठ हा राजघराण्यातल्या आणि सरदारघराण्यातल्या स्त्रियांचा. सम्राट तिसऱ्या ओटोने ९९४ मध्ये तिथली मठाधिपती माथिल्डे, म्हणजे त्याची आत्या, हिला बाजार, जकात आणि टाकसाळ असे तिन्ही हक्क दिले. तेव्हापासून तिथली मठाधिपती स्वतःच्या अधिकारात नाणी पाडत आली. बाराव्या शतकातल्या बेआट्रिक्स आणि आग्नेस यांच्या ब्रॅक्टिएटवर त्या आसनावर समोर तोंड करून बसलेल्या आहेत, डोक्यावरून पदरासारखं वस्त्र, हातात लिली किंवा ग्रंथ. ती काही सम्राटाच्या शेजारी बसलेली राणी नाही. नाणं तिचं, मुलूख तिचा, नाणेबदलीचा महसूलही तिचा.

माझ्या मते ब्रॅक्टिएटमध्ये सर्वांत शांत आणि नेमकं कोरीवकाम क्वेडलिनबुर्गचं आहे. हाल्बरश्टाटचे चाहते हे मान्य करणार नाहीत.

सराफकट्टा

धागा आवडला. आमचं नाशिकला चांदीचं जुनं दुकान, त्यामुळे माझा प्रश्न कारागिरीचा. इतक्या पातळ पत्र्यावर एवढा उठाव आणायचा तर खाली कठीण ऐरण चालणार नाही, पत्रा फाटेल. खाली काय ठेवत?

दुसरं म्हणजे चांदीचा कस चांगला असणार. खोट जास्त असेल तर पत्रा कडा सोडतो. ठोकताना मध्येमध्ये तापवून मऊही करावा लागतो.

देवगिरीकर

सराफकट्टा, कारागिराने विचारावा असाच प्रश्न. खाली मऊ काहीतरी असणार, याबद्दल एकमत आहे. चामडं किंवा शिसं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लोखंडी ठशावर चित्र उलटं आणि खोल कोरलेलं. तो पत्र्यावर ठेवून हातोडा मारला की पत्रा ठशाच्या खोलीत शिरतो. काही नाण्यांवरचा उठाव बोथट दिसतो, त्यावरून दोनतीन पत्रे एकावर एक ठेवून एकाच घावात पाडले असावेत, असाही तर्क आहे. चांगल्या टाकसाळींची चांदी ९० टक्क्यांच्या वर असे, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पत्रा कात्रीने कापत. म्हणून कडा कधीच पूर्ण गोल नसते आणि काठाला चिरा दिसल्या तरी तो दोष धरत नाहीत.

मुळाकाठ

वाचतोय. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

उत्तरायण

मी स्वीडनमधून लिहिते आहे. देवगिरीकरांनी ब्रॅक्टिएटपासून सुरुवात केली, पण त्याआधीच्या जर्मन फेनिगची एक मोठी गोष्ट आमच्या बाजूला जमिनीत सापडते.

दहाव्या शतकाच्या शेवटी हार्झ भागात ओटो-आडेलहाइड फेनिग नावाचं नाणं पाडायला लागले. एका बाजूला क्रूस, त्याच्या चार कोनांत ओ, डी, डी, ओ अशी चार अक्षरं, भोवती 'देवाच्या कृपेने राजा ओटो' या अर्थाची लॅटिन ओळ. दुसऱ्या बाजूला लाकडी चर्चचा दर्शनी भाग आणि आडेलहाइडचं नाव. पूर्वी हे पहिल्या ओटोचं समजत. आता सर्वसाधारणपणे तिसऱ्या ओटोच्या काळापासूनचं मानतात. ९८३ मध्ये तो तीन वर्षांचा असताना राजा झाला, आणि ९९१ पासून त्याची आजी आडेलहाइड त्याच्या नावाने कारभार बघत होती. नातू आणि आजी दोघांची नावं एका नाण्यावर! पुढे अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेच चित्र चालू ठेवलं.

हे नाणं जर्मनीत सापडतं त्याहून किती तरी जास्त पोलंड, बाल्टिक किनारा आणि स्कँडिनेव्हियातल्या पुरलेल्या ठेव्यांत सापडतं. गोटलंड बेटावर तर फारच. अरबी दिरहमांचा ओघ दहाव्या शतकात आटला आणि त्यांची जागा जर्मन फेनिगनी आणि इंग्लिश पेनींनी घेतली. इकडे नाण्याला नाणं म्हणून किंमत नव्हती, चांदी तोलून घेत. म्हणून बऱ्याच नाण्यांवर चाकूच्या टोकाने टोचल्याच्या बारीक खुणा असतात, काही वाकवून पाहिलेली असतात. आत खोट आहे का ते बघायला. जर्मनीत पाडलेलं, बाल्टिक ओलांडून आलेलं, इथल्या कुणीतरी चाकूने तपासलेलं आणि मग पुरून ठेवलेलं नाणं. मला तर त्या टोचलेल्या खुणाच सर्वांत जास्त आवडतात. संग्राहक मात्र त्यांच्यामुळे किंमत कमी करतात.

देवगिरीकर

उत्तरायण, फार छान भर घातलीत. थोडी जोड देतो. ९६८ च्या सुमारास सॅक्सनीत चांदीच्या शिरा उघडल्या, असं विडुकिंड या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे आणि तो उल्लेख गोस्लारजवळच्या रामेल्सबेर्ग खाणीचा मानतात. ओटो-आडेलहाइड फेनिगातली सगळी चांदी तिथलीच होती का, यावर वाद आहे. बाराव्या शतकात चित्र जास्त स्पष्ट होतं. ११६८ मध्ये फ्रायबेर्गला चांदी सापडली, माइसेनचा मार्कग्राफ, म्हणजे सरहद्दीचा सरदार, ओटो 'श्रीमंत ओटो' म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि ब्रॅक्टिएटच्या ऐन बहराच्या काळात टाकसाळींच्या दाराशीच चांदी होती.

मुक्कामपोस्ट

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. देवगिरीकरांनी नाणेबदलीला सरळ करवसुली म्हटलं, तिथे मला थोडं थांबावंसं वाटतं.

सिल्व्हिओ गेझेल (१८६२ ते १९३०) या विचारवंताने अशी मांडणी केली की पैसा साठवून ठेवता येऊ नये, वेळ जाईल तशी त्याची किंमत कमी व्हावी, म्हणजे तो सतत फिरत राहतो. त्याच्या अनुयायांनी ब्रॅक्टिएटचं उदाहरण पुढे केलं. सहा महिन्यांनी चौथा हिस्सा जाणार असेल तर माणूस पैसा दाबून ठेवत नाही. तो घर बांधतो, कारागिराला काम देतो, चर्चला देणगी देतो. ही नाणी चालली त्याच काळात जर्मनीत शहरं वसली, मोठी चर्चं उभी राहिली. मग ही नाणी लोकांच्या भल्याची ठरली, असं का म्हणू नये?

देवगिरीकर

मुक्कामपोस्ट, ही मांडणी मला ठाऊक आहे आणि तिचं आकर्षणही कळतं. पण मला ती पटत नाही. कारण ज्या शहरांना या नाण्यांचा रोजचा अनुभव होता त्यांनी काय केलं ते बघा. त्यांनी पदरचे पैसे मोजून नाणेबदलीतून सुटका करून घेतली. ल्यूनेबुर्गने १२९३ मध्ये, बर्लिनने १३६९ मध्ये, ब्राउनश्वाइगने १४१२ मध्ये. अशा न बदलणाऱ्या नाण्याला 'कायमचा फेनिग' म्हणत. ल्यूबेकला तर १२२६ मध्ये सम्राटाकडून आलेल्या सनदेत टाकसाळीचा हक्क मिळाला होता. व्यापारावर जगणाऱ्या शहराला तो हक्क हाती असण्याचं मोल कळत होतं. नाणेबदली शहरांच्या भल्याची असती तर ती संपवायला त्यांनी गाठीची चांदी कशाला मोजली असती?

शहरं आणि चर्चं वाढली हे खरंच. पण ती फ्रान्समध्येही वाढली, इटलीतही वाढली, आणि तिथे ब्रॅक्टिएट नव्हते.

मुक्कामपोस्ट

शहरांचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण शहरांची सत्ता श्रीमंत व्यापाऱ्यांच्या हाती होती. साठवलेला पैसा त्यांच्याकडे, तोटा त्यांना. त्यांनी सुटका मागितली म्हणजे ती सगळ्यांच्या हिताची, हे सिद्ध होत नाही.

उत्तरायण

मध्ये बोलते. मोठ्या व्यापाऱ्यांना नाणेबदलीचा फटका तितकासा बसत नव्हता. ते मोठे व्यवहार चांदीच्या लगडींत करत, मार्कच्या वजनावर. उत्तर जर्मनीत या लगडी सर्रास चालत. कोलोनचा मार्क सुमारे २३४ ग्रॅमचा. लगड घरात ठेवली तर तिच्यावर दवंडी चालत नाही. हातात फेनिग कोणाच्या? आठवड्याच्या बाजारात धान्य विकून घरी जाणाऱ्या शेतकऱ्याच्या, रोजंदारीवरच्या माणसाच्या. चौथा हिस्सा त्यांच्याकडून जायचा.

मुक्कामपोस्ट

लगडींचा मुद्दा माझ्या विचारात नव्हता. यावर अजून वाचतो. फ्लोरिनसारखी सोन्याची नाणी आल्यावर काय बदललं तेही बघायला हवं.

सराफकट्टा

हे वाचताना आपल्याकडचा बट्टा आठवला. पेशवाईत आणि नंतरही एका गावचा रुपया दुसऱ्या गावी पूर्ण किमतीला घेत नसत. अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळे रुपये, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. सिक्का रुपया जुना झाला की त्यावरही बट्टा. पण तो बट्टा सराफाच्या कट्ट्यावर ठरायचा आणि नाणं चलनातून बाद होत नसे. तिकडे धनीच दवंडी पिटून नाणं बाद करायचा. दोन्हीकडे भुर्दंड छोट्या माणसालाच.

हेमाडपंती

एकाच बाजूचं नाणं म्हटल्यावर देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक इथे यायलाच हवेत. धागालेखकाचं नाव देवगिरीकर आणि त्यांनीच ते लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

सिंघणदेव, कृष्णदेव, महादेव, रामचंद्रदेव यांचे सोन्याचे टंक मिळतात. मध्ये कमळ, भोवती शंख, राजाचं नाव असे वेगवेगळे छोटे ठसे एकाच बाजूने मारलेले, त्यामुळे नाणं किंचित वाटीसारखं खोलगट होतं. सिंघणदेव तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, म्हणजे दुसऱ्या फ्रेडरिकचा समकालीन. दोन्हीकडे एकाच काळात एकबाजूची नाणी, आणि तरी कुठलाही संबंध नाही. यादवांचं नाणं जाड, भक्कम, सोन्याचं, दर सहा महिन्यांनी बदलायचं नाही. त्यावर ठसे अनेक आणि चित्र साधं. ब्रॅक्टिएटला ठसा एक आणि चित्र गुंतागुंतीचं. नाणं किती दिवस चालावं अशी अपेक्षा आहे, यावर त्याचं रूप ठरतं, हा देवगिरीकरांचा मुद्दा या तुलनेतून अजून पक्का होतो.

देवगिरीकर

हेमाडपंती, मनापासून धन्यवाद. पद्मटंकांवर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, ही विनंती.

कोकणवारा

मी शंभर वर्षांपूर्वीची संस्थानी नाणी जमवतो, युरोपकडे कधी वळलो नाही. आता ओढ लागली आहे. किंमती काय असतात? आणि भारतात बसून घ्यायची तर काय काळजी घ्यावी?

देवगिरीकर

कोकणवारा, क्रमाने सांगतो, पण किंमती दर लिलावाला हलतात हे धरून चाला.

सुरुवात ओटो-आडेलहाइड फेनिगपासून करावी, असं माझं मत. हजार वर्षांचं नाणं, त्यामागे एवढा इतिहास, आणि बरा नमुना साधारण शंभर युरोच्या आसपास मिळतो. विक्रीच्या यादीत 'डॅनेनबर्ग ११६७' असा क्रमांक दिसेल, हेर्मान डॅनेनबर्गने एकोणिसाव्या शतकात या काळातल्या जर्मन नाण्यांचं जे वर्गीकरण केलं त्यातला तो आहे. त्याहून स्वस्त हवा तर श्वेबिश हालचा हेलर. एका बाजूला उघडा पंजा, दुसऱ्या बाजूला क्रूस. जेमतेम अर्ध्या ग्रॅमचं हे नाणं तेराव्या-चौदाव्या शतकात दक्षिण जर्मनीभर पसरलं, कारण हलकं असूनही ते सगळीकडे चालायचं. नाणं पाडलं तिथेच चालावं, या नियमाला याने जवळपास सुरुंग लावला.

एकबाजूचंच हवं असेल तर बोडेन सरोवराकाठची नाणी बघा, कोन्स्टान्स, लिंडाउ, युबरलिंगेन. आकाराने लहान, काठाला मण्यांची किंवा चौकड्यांची नक्षी. नंतरच्या काळातले ल्यूबेक, हांबुर्ग, ल्यूनेबुर्ग यांचे किरणांच्या काठाचे छोटे पोकळ फेनिगही आवाक्यात असतात. मोठे, बाराव्या शतकातले, चित्रमय ब्रॅक्टिएट मात्र शेकड्यांतून हजारो युरोंपर्यंत जातात. घाई करू नका.

आता खोट्या नाण्यांबद्दल. हा आजचा प्रश्न नाही. अठराव्या शतकात हानोफरचा निकोलाउस झेलेंडर हा उत्तम कोरक्या, लायब्निट्ससाठीही त्याने कोरीवकाम केलं होतं. त्याने स्वतःच्या हाताने ब्रॅक्टिएटचे ठसे कोरून बनावट नाणी पाडली. ती इतकी सफाईदार होती की पुढे जुन्या संग्रहांत मिसळून गेली, आणि आज 'झेलेंडरचं बनावट' म्हणून तीही जमवणारे लोक आहेत. नाणं हातात घेतल्यावर मागची बाजू आधी बघा. खऱ्या ब्रॅक्टिएटच्या मागे चित्राचे कोपरे मऊ, थोडे गोलावलेले असतात. मागचाही उठाव पुढच्याइतकाच तीक्ष्ण असेल, किंवा काठ एकसारखा गोल कापलेला असेल, तर संशय घ्या. विजेच्या मुलाम्याने केलेल्या संग्रहालयी प्रतिकृतीही फिरतात, त्यांचं वजन आणि पोत वेगळा लागतो. नव्याने घेणाऱ्याने लेखी खात्री देणाऱ्या आणि नाणं परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावं.

मूळ कुठलं, हेही विचारा. जर्मनीत २०१६ पासून सांस्कृतिक वारशाच्या व्यापाराचा कायदा कडक झाला. जमिनीत सापडलेला ठेवा राज्याचा, हा नियम बव्हेरियातही २०२३ पासून लागू आहे. जुन्या संग्रहाची पावती, जुन्या लिलावाचा क्रमांक असं काही सोबत असेल तर नाणं थोडं महाग पडलं तरी चालेल. आपल्याकडे येताना कस्टमचे त्या वेळचे नियम आधी विचारून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा एकदा इथे आलेलं नाणं परत विकायला बाहेर धाडता येईल असं गृहीत धरू नका.

सराफकट्टा

कोकणवारा, एक कळकळीची विनंती. कोकणातली हवा दमट, चांदी काळी पडणारच. ती काळी झाक घालवायला चिंच, रांगोळी, पॉलिशचं कापड काहीही लावू नका. जाड रुपयाला ते खपून जातं. ०.८ ग्रॅमच्या पत्र्यावर एकदा कापड फिरवलं की उठाव बसतो, चीर काठापासून आत जाते आणि नाणं हातात दुमडतं. प्लास्टिकची साधी मऊ पाकिटं वापरू नका, त्यातून चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. कडक पारदर्शक डबी, आत नाण्याच्या आकाराची बैठक, वर दाब येणार नाही अशी. नाणं बघायचं तर डबीसकट बघावं.

कोकणवारा

तुम्हा दोघांचे आभार. ओटो-आडेलहाइडच शोधतो. टोचलेलं मिळालं तर ते आधी, उत्तरायणताईंचं वाचून तेच हवंसं वाटतंय.

उत्तरायण

फार बरं वाटलं! घेतलंत की इथे फोटो टाका. टोचलेल्या खुणा बघायला प्रकाश तिरका ठेवा.

मुळाकाठ

ही नाणी थांबली कधी आणि का? धाग्यात कुठे आलं नाही.

देवगिरीकर

एकदम थांबली नाहीत, लहान होत गेली. तेराव्या शतकात व्यास कमी झाला, कोरीवकाम घाईचं झालं. व्यापार वाढला तसं एका फेनिगने भागेना. फ्रान्समध्ये १२६६ मध्ये, बोहेमियात १३०० मध्ये कुटनाहोराच्या खाणींतल्या चांदीतून जाड, दोन्ही बाजूंचं, मोठं ग्रोशन आलं. त्याच धर्तीवर माइसेनच्या सत्ताधीशांनी १३३८ च्या सुमारास फ्रायबेर्गला ग्रोशन सुरू केलं. शहरांनी कायमचा फेनिग मिळवला तसा चित्र बदलण्याचा हेतूही संपला. पोकळ फेनिग सुट्ट्या पैशाच्या रूपात पुढेही टिकले, पण त्यांवरचं चित्र म्हणजे एखादं डोकं, एखादी किल्ली, एखादा सिंह. १४८६ मध्ये टिरोलच्या हालला ३० ग्रॅमहून जड चांदीचं नाणं पडलं आणि १५२० पासून योआखिम्सटालचे टालर, म्हणजे तशीच जड चांदीची नाणी, आले, तो पुढचा वेगळाच अध्याय.

शेवंती

अजून एक विचारते. ब्रॅक्टिएटवरची अक्षरं वाचता येतात का? मी बोडे संग्रहालयाची ऑनलाइन यादी उघडून बसले आहे. चित्रं अप्रतिम, पण काठावरची ओळ काही केल्या लागत नाही.

देवगिरीकर

शेवंतीताई, तुमच्या नजरेचा दोष नाही. बऱ्याच नाण्यांवरची ओळ खरोखरच निरर्थक असते. कोरणाऱ्याला चित्र येत होतं, लॅटिन येत नव्हतं, म्हणून त्याने अक्षरांसारख्या खुणा काठाने फिरवल्या. काहींवर अक्षरं उलटी येतात, कारण ठशावर ती सुलटी कोरली गेली. ओळ लावायची तर आधी छोटा क्रूस शोधा, बहुधा वरच्या बाजूला असतो. तिथून घड्याळाच्या दिशेने वाचायचं. नावापुढे बिशप, ड्यूक, मठाधिपती यांचे लॅटिन संक्षेप येतात, ते एकदा ओळखीचे झाले की बाकीचं जुळतं.

आणि जिथे ओळ स्पष्ट लागते तिथे कधीकधी अख्खा इतिहास तिच्यावर उभा असतो. त्याच यादीत जाक्साची नाणी शोधा. जाक्सा हा बाराव्या शतकातला स्लाव सरदार, ज्याचं ठाणं कोपेनिक इथे होतं. आज तो बर्लिनचा एक भाग आहे. ब्रँडेनबुर्गसाठी झालेल्या लढाईमुळे जाक्सा हे नाव इतिहासात आहे, पण कोपेनिकचा जाक्सा म्हणून त्याचा समकालीन पुरावा म्हणजे त्याचे ब्रॅक्टिएट. 'जाक्सा दे कोपनिक' असं त्यांवर लिहिलेलं आहे, अक्षरांत थोडाफार फरक असलेले नमुने आहेत. एकावर तो दाढीवाला, हातात दुहेरी क्रूस घेतलेला दिसतो. बर्लिनच्या संग्रहात त्याची नाणी आहेत, फोटो मोठा करून बघता येतो. क्रूसापासून सुरुवात करा, पहिलं अक्षर लागलं की इथे कळवा, पुढची आपण मिळून लावू.